लाल औषध आणि दुबळं हृदय

मंडळी, लिम्फोमा झालेला कुत्रा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. निदान आदल्या दिवशी झालेलं असतं, घरात कुणाला धड झोप लागलेली नसते. जुन्या फाईलवर बोट ठेवून ते विचारतात, "डॉक्टर, याला हार्टचा त्रास आहे. मग केमो देता येणार नाही ना?" प्रश्नाची ठेवण बघा. 'देता येईल का' असं कुणी विचारत नाही. नकार गृहीत धरूनच ते आलेले असतात. माझी तक्रार या प्रश्नातल्या दोन शब्दांबद्दल आहे. 'हार्टचा त्रास' हा काही एक आजार नव्हे, आणि 'केमो' हे काही एक औषध नव्हे. कोणतं हृदय आणि कोणतं औषध, हे सुटं सुटं विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

आधी लिम्फोमाबद्दल थोडंसं. हा लसिकाग्रंथींमधल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. कुत्र्यांमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार अंगभर पसरलेला असतो. जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या पायात गुडघ्यामागे टणक गाठी लागतात. दुखत नाहीत, म्हणूनच गळपट्टा बांधताना किंवा लाड करताना अचानक हाताला लागतात. सुईने थोड्या पेशी काढून काचेवर पसरल्या की बहुतेक वेळा निदान होतं. पुढे तो बी पेशींचा की टी पेशींचा हे तपासायचं, कारण बी प्रकार उपचारांना साधारणपणे जास्त काळ दाद देतो. उपचार केले नाहीत तर हातात चार ते सहा आठवडे असतात. केमो चांगली लागू पडली तर बी प्रकारात वर्षभराच्या आसपास, कधी त्याहून जास्त. पूर्ण बरे होणारे थोडेच. आम्ही 'रेमिशन' म्हणतो त्याचा अर्थ गाठी दिसेनाशा झाल्या, आजार दबला, एवढाच घ्यायचा.

या उपचाराला 'चॉप' म्हणतात. औषधं चार: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. साधारण 19 ते 25 आठवडे ती आलटून पालटून देतात, प्रेडनिसोलोन मात्र सुरुवातीलाच देऊन कमी करत बंद करतात. या चारांतलं हृदयाच्या स्नायूवर घाव घालणारं औषध एकच, डॉक्सोरुबिसिन. आणि गंमत म्हणजे लिम्फोमावर सर्वांत जोरदार चालणारं औषधही तेच.

इटलीत कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्याने तयार केलेलं रसायन माणकासारखं लालभडक होतं. त्यातून आधी डॉनोरुबिसिन आणि मग त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन आलं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे दुसरं नाव मिळालं. नावातलं 'रुबी' त्या रंगाचंच. मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटतं: चिमूटभर मातीतून निघालेलं औषध अर्बुदही विरघळवतं आणि हृदयही पोखरतं.

हृदयच का? हे औषध शरीरातल्या लोहाशी संगनमत करून ऑक्सिजनचे विध्वंसक कण तयार करतं. ते कण निकामी करणारी कॅटालेज नावाची यंत्रणा हृदयाच्या स्नायूत मुळातच तोकडी असते. शिवाय पेशींमध्ये डीएनएचा पीळ सोडवणारं एक प्रथिन असतं. कर्करोगाच्या पेशीत त्याचा एक प्रकार जोरात असतो, हृदयाच्या पेशीत त्याचा भाऊ. औषधाला दोघांतला फरक नीट कळत नाही. यकृताच्या पेशी मेल्या तर नव्या येतात, हृदयाच्या स्नायूला ती सोय जवळजवळ नाही. म्हणून प्रत्येक डोस मागच्या डोसाच्या हिशोबात जमा होत जातो.

हा हिशोब आम्ही अक्षरशः मांडतो. एका वेळची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते, दर चौरस मीटरला 30 मिलिग्रॅम. अगदी लहान कुत्र्यांत ती वजनावर मोजतात. आयुष्यभराची एकूण मात्रा याच मापाने 180 ते 240 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायची नाही असा संकेत आहे. चॉपमध्ये हे औषध सहसा चार वेळा येतं, म्हणजे 120. निरोगी हृदयाला त्यात बऱ्यापैकी मोकळी जागा राहते. पण लक्ष्मणरेषेच्या अलीकडे सगळं सुरक्षित असा याचा अर्थ नाही. काहींना कमी मात्रेतही इजा होते. ती त्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसते. हृदय सैल, मोठं आणि अशक्त होतं, आणि मग ते सहसा पूर्वपदावर येत नाही.

आता दुसरा शब्द, हार्टचा त्रास.

म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोक्यामागे फुस्स असा आवाज येतो. त्याला मर्मर म्हणतात. बहुतेकदा ती डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेची गळती असते. दार नीट बंद होत नाही, थोडं रक्त मागे जातं. यात स्नायू चांगला असतो, बिघाड दाराचा असतो. गळती आहे पण हृदयाचा आकार वाढलेला नाही, या पायरीला बी-1 म्हणतात (हा बी लिम्फोमाच्या बी पेशींचा नव्हे). आकार वाढलेला आहे पण त्रास नाही, ती बी-2. फुप्फुसात पाणी साठून हार्ट फेल्युअर झालं की सी, आणि नेहमीच्या औषधांनाही दाद देत नसेल तर डी. बी-1 मधली कितीतरी कुत्री त्या झडपेने मरतच नाहीत, दुसऱ्याच कशाने जातात. बी-2 मध्ये पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारं औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर सरासरी पंधरा महिने लांबतं, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

याच्या उलट बाजू स्नायूची. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड यांच्यात स्नायूच पातळ आणि ढिला होण्याचा आजार घराण्यातून येतो. तो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. छातीत आवाज नाही, खोकला नाही, कुत्रा पळतोय, उड्या मारतोय, आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्नायू दमलेला. बॉक्सरची गोष्ट तर आणखी विचित्र. लिम्फोमा, तोही बऱ्याचदा टी पेशींचा, आणि ठोक्यांची लय बिघडवणारा स्नायूचा आजार, दोन्ही त्याच्याच वाट्याला. म्हणून मी म्हणतो की मर्मर असलेल्या म्हाताऱ्या पूडलपेक्षा मर्मर नसलेल्या तरुण डॉबरमनला लाल औषध देताना मला जास्त धाकधूक वाटते. मालकांना हे उलटं वाटतं, कारण एकाची फाईल जाड असते आणि दुसऱ्याची रिकामी.

तिसरी शक्यता लोक विसरतात. हृदयाची तक्रार लिम्फोमामुळेच असू शकते. रक्त कमी झालं की पातळ रक्ताच्या वाहण्याचाच आवाज येतो, रक्त वाढलं की तो जातो. छातीतल्या गाठी श्वासनलिकेवर दाबल्या की खोकला येतो आणि सगळे तो हृदयाच्या नावावर मांडतात. क्वचित हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी भरतं. अशा वेळी केमो हाच हृदयावरचा उपचार ठरतो. आणखी एक आडवाट: काही कुत्र्यांचा स्नायू आहारामुळे दुबळा होतो. धान्याऐवजी डाळी-वाटाण्यावर भर देणाऱ्या खाद्यांचा असा संबंध असू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये दिला होता. ते खाद्य बदलल्यावर काही कुत्री सुधारतात. तेव्हा कुत्रा काय खातो हे मी विचारलं तर वेळ काढतोय असं समजू नका.

म्हणून लाल औषधाच्या आधी हृदयाचा इको, ईसीजी, रक्तदाब आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. धोक्याच्या जातीत ठोक्यांची लय चोवीस तास नोंदवणारं हॉल्टर लावलं तर फारच उत्तम. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी स्नायूला ताजी इजा होतेय का ते सांगते. इकोला सहसा भूल लागत नाही, कुशीवर शांत पडून राहणं पुरतं.

अहवाल हातात आला की मी दोन घड्याळं शेजारी ठेवतो. लिम्फोमाचं घड्याळ आठवड्यांत चालतं. बी-1 झडपेचं वर्षांत. ज्या कुत्र्याला उपचाराविना दीड महिना आहे त्याला चार वर्षांनी कदाचित बिघडेल अशा झडपेच्या भीतीने उत्तम औषध नाकारायचं, हे मला पटत नाही. तिथे मी डॉक्सोरुबिसिन देतो, पण प्रत्येक डोसाआधी तपासून. बी-2 मध्ये मतं वेगवेगळी पडतात. माझा कल बदली औषधाकडे असतो, मात्र गाठी पहिल्या उपचाराला बधत नसतील तर मी पुन्हा विचार करतो. हार्ट फेल्युअर होऊन गेलेलं असेल किंवा स्नायूचा आजार असेल, लपलेला असला तरी, तर लाल औषध नाही. तिथे दोन्ही घड्याळं सारख्याच वेगाने पळत असतात.

बदली म्हणून मायटोझँट्रोन असतं. ते गडद निळं आहे. हृदयावर त्याचा भार खूपच कमी, त्रास मुख्यतः पांढऱ्या पेशी उतरण्याचा. किंवा डॉक्सोरुबिसिन वगळून उरलेल्या तिघांवर चालायचं, त्याला 'कॉप' म्हणतात. त्यात रेमिशन साधारणपणे कमी टिकतं, हे आधीच सांगायला हवं. लोमुस्टिन आहे, पण ते यकृताला झोंबतं. रॅबॅकफोसाडीन या औषधाला एफडीएने 2021 मध्ये कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी पूर्ण मान्यता दिली. ते हृदय सोडतं, मात्र क्वचित फुप्फुसात व्रण करतं, म्हणून वेस्टी टेरियरला देत नाहीत. म्हणजे प्रत्येक औषधाचा एकेक अवयवाशी दावा आहे. आपल्या कुत्र्याचा कोणता अवयव भक्कम आहे ते बघून निवड करायची. डेक्सराझोक्सेन नावाचं एक संरक्षकही आहे. ते लोहाला बांधून ठेवतं आणि लाल औषधाच्या जरा आधी शिरेतून देतात. त्याचे सुरुवातीचे काही प्रयोग बीगल कुत्र्यांवर झाले होते.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. सगळे लाल औषधाला भितात. पण हार्ट फेल्युअरच्या कुत्र्याला केमोच्या काळात अडचणीत आणणाऱ्या दोन गोष्टी अगदी साध्या दिसतात: स्टेरॉइड आणि सलाईन.

प्रेडनिसोलोनने तहान वाढते, रक्ताचं एकूण आकारमान वाढतं. भरलेल्या हंड्यात आणखी तांब्याभर ओतल्यासारखं होतं. काठावर असलेलं हृदय त्याने ओसंडतं. म्हणून अशा कुत्र्यात ते कमी मात्रेत, कमी दिवस, किंवा अजिबात नाही. आणि हृदय चांगलं असो वा वाईट, गाठी दिसल्या म्हणून निदानाआधीच स्टेरॉइड सुरू करू नका. गाठी बसतात, सगळे खूश होतात, पण निदान अवघड होतं आणि कर्करोगाच्या पेशी पुढच्या औषधांना निर्ढावतात. पुढे केमो करायचीच नाही असं ठरवून नुसतं प्रेडनिसोलोन देणं हा मात्र वेगळा आणि सरळ निर्णय आहे. त्यात महिना-दोन महिने बरे जातात.

सलाईनचं असं. केमोनंतर दोन ते पाच दिवसांत उलटी-जुलाब होऊ शकतात, आठवड्याभराने पांढऱ्या पेशी तळाला जातात. कुत्रा खात-पीत नाही, आणि घरचे नेमाने फ्युरोसेमाइड आणि बेनाझेप्रिल देत राहतात, कारण हृदयाचं औषध चुकवायचं नाही असं आम्हीच बजावलेलं असतं. शरीरात पाणी नाही आणि वर पाणी काढणारी गोळी, यात मूत्रपिंड भरडलं जातं. मग तातडीच्या दवाखान्यात नेतात, तिथल्या डॉक्टरांना हृदयाचं माहीत नसतं, भराभर सलाईन चढतं आणि पहाटे फुप्फुसात पाणी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. यावर उपाय कागदाचा आहे. पहिल्या डोसाच्या दिवशीच लिहून घ्या: कुत्रा जेवला नाही तर कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, कुणाला फोन करायचा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मॅरोपिटंट हे उलटी थांबवणारं औषध आधीपासून घरात असू द्या.

आणि रोज रात्री श्वास मोजा. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला तीसच्या आत हवेत. दोन-तीन रात्री आकडा चढत असेल तर खोकल्याची वाट बघू नका.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "डोस देताना नेमकं काय होतं? आणि नंतर लघवी लाल झाली तर घाबरायचं का?" चांगला प्रश्न आहे. लाल औषध शिरेत सुई पक्की बसवून, वीस-तीस मिनिटांत सावकाश जातं. शिरेबाहेर थेंब गेला तर तिथली कातडी कुजू शकते, म्हणून आम्ही शेजारून हलत नाही. हृदयाची शंका असेल तर ईसीजी लावलेला असतो. लय बिघडली की थांबवतो. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर दिसू शकते, तो औषधाचा रंग. लघवी-शी साफ करताना तीन दिवस हातमोजे घाला आणि घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. सायक्लोफॉस्फामाइडनंतरची लाल लघवी मात्र वेगळी. ते मूत्राशयाचं अस्तर सोलतं, आणि तेव्हा दिसतं ते रक्त असतं. कुत्रा सारखा लघवीला बसतो, थेंब-थेंब करतो. तसं दिसलं तर सायक्लोफॉस्फामाइडची पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी फोन करा. लघवी पातळ राहावी म्हणून या औषधासोबत आम्ही एरवी फ्युरोसेमाइड देतो. हार्टच्या पेशंटला ते आधीच चालू असतं. त्याच्या जाड फाईलचा एवढा एक फायदा मी पाहिला आहे.