सिग्नलला बंद पडणारी गाडी

(पुण्यात कोथरूडमधल्या एका छोटेखानी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माइल्ड हायब्रिड छोटी एसयूव्ही : घ्यावी का, आणि कोणी घ्यावी?’ विषय मी दिलेला नाही, पण आवडला. माइल्ड हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि त्याच्या मदतीला विजेची एक छोटी मोटर. अध्यक्षांनी मला पन्नास मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा माझ्या परिचयात गेली, त्यामुळे आता मी कोण आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत झालंय. (हशा)

उदाहरण एकच घेतो, म्हणजे पाल्हाळ कमी होईल. मारुतीची ब्रेझा. 2022च्या जूनअखेरीस आली ती. यातल्या निम्म्या लोकांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी उभी असेल. इंजिन 1462 सीसी, पेट्रोल, चार सिलिंडर, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही. ताकद 103 पीएस, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, 136.8 न्यूटन मीटर, तोही 4400 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 4400 फेरे मारेल तेव्हा. हा 4400 लक्षात ठेवा, घाटात लागणार आहे. पाच गिअरची मॅन्युअल किंवा सहा गिअरची ऑटोमॅटिक. लांबी 3995 मिलिमीटर. सनरूफ, चारी बाजूंचा कॅमेरा, काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले वगैरे वगैरे. ते सगळं सेल्समन तुम्हाला सांगेल, न विचारता सांगेल.

तो जे धड सांगत नाही ते मी सांगतो. इंजिनाच्या पट्ट्याला एक छोटी मोटर जोडलेली आहे. इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर, आयएसजी. नेहमीच्या गाडीत अल्टरनेटर जिथे असतो तिथे ही बसते, आणि अल्टरनेटरचं काम करतेच. शिवाय आणखी तीन कामं करते. ब्रेक मारला की वीज बनवते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाला थोडा हात देते. आणि सिग्नलला इंजिन बंद झालं की क्लच दाबताक्षणी ते परत चालू करते. ही वीज साठवायला पुढच्या डाव्या सीटखाली एक लिथियम बॅटरी असते, 12 व्होल्ट, 6 अँपिअर-अवर. गुणाकार करा. 72 वॅट-अवर. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातला जुना पंखा तासभर फिरेल, बस्स. हा आकडा ऐकून एक गृहस्थ माझ्यावर रागावले होते. ते माझे साडू.

आता साडूंबद्दल सांगावंच लागेल. आमच्या सौं.च्या थोरल्या बहिणीचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. बँकेतून निवृत्त. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा बाणा. त्यांच्याकडे आधी 2016ची व्हिटारा ब्रेझा होती, डिझेलची. 1248 सीसी, 200 न्यूटन मीटर, तेही 1750 आरपीएमला. ते फियाटच्या घराण्यातलं इंजिन. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही व्हायचं. अण्णांना त्या इंजिनाचा इतका अभिमान, की जणू नट-बोल्ट त्यांनीच आवळले. एप्रिल 2020ला बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले, मारुतीनं डिझेल सोडलं, आणि पुढे अण्णांनी ही नवी पेट्रोल घेतली. शोरूमचं नाव घेत नाही. तिथल्या मुलानं त्यांना सांगितलं, ‘काका, यात मोटर आहे. घाटात मोटर ढकलते.’

वाईला एक मुंज होती. मुंज आटोपून पाचगणीला जायचं ठरलं. गाडी अण्णांची, चालवणार अण्णा, मी शेजारी, मागे दोघी बहिणी. पुण्यातून निघताना अण्णांनी गाडी चालू केली. डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार केला, सीटबेल्ट लावला आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली हात घालून एक बटण दाबलं. गोल बाणाच्या आत ए अक्षर असतं, त्याखाली ‘ऑफ’. सिग्नलला इंजिन बंद करायची सोय बंद करायचं बटण! मी म्हटलं, ‘अण्णा, हे काय केलंत?’

‘ते मी रोज करतो,’ अण्णा म्हणाले. ‘गाडी लावली की ते आपोआप पूर्वपदावर येतं, म्हणून रोज करावं लागतं. वैताग आहे.’

‘पण का?’

‘अहो, दर सिग्नलला स्टार्टर मारायचा? स्टार्टरचं काय होईल? बॅटरीचं काय होईल? आणि स्वारगेटला मध्येच बंद पडली तर मागचा पीएमपीएमएलचा बसवाला आपली आरती करेल.’ (हशा)

बघा, माणूस चुकीचा नाही. नेहमीच्या गाडीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण या गाडीत सकाळी थंड इंजिन चालू करायला जुना दातेरी स्टार्टर वेगळा आहे, आणि सिग्नलला चालू करते ती पट्ट्यावरची मोटर. तिला खर्रर्र असा आवाजच नसतो. मी कात्रजच्या अलीकडे हट्टानं ते बटण परत सुरू करायला लावलं. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, अण्णांनी न्यूट्रल केलं, क्लचवरून पाय काढला. आरपीएमचा काटा शून्यावर गेला, एक हिरवा दिवा लागला आणि गाडीत एकदम शांतता. मागून आमची मेव्हणी म्हणाली, ‘अहो, बंद पडली!’ अण्णांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तेवढ्यात सिग्नल सुटला, क्लच दाबला, काटा वर. कोणाला कळलंसुद्धा नाही. पण अण्णांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, ‘हे सगळं ठीक आहे हो. मला घाटात मोटर बघायचीय.’

पसरणीचा घाट लागला. डिझेलची सवय, त्यामुळे अण्णांनी तिसऱ्या गिअरमध्येच वळण घेतलं, आरपीएम दीड हजार. डिझेलचा टर्बो तिथे हुंकार भरायचा. इथे 136 न्यूटन मीटर 4400ला मिळतात. दीड हजारला तेवढा जोर नाही, त्यात गाडीत माणसं चार आणि सामान चिक्कार. गाडी कुरकुरायला लागली. समोरच्या छोट्या पडद्यावर मोटर मदत करतेय असा बाण लागला. अण्णा खूश. ‘लागली! लागली!’ पुढचं वळण. बाण लागला आणि गेला. त्याच्या पुढे गेला तो गेलाच. ‘अहो, थांबली का ही?’ आता घाटात स्टिअरिंग धरलेल्या माणसाला गणित सांगू नये एवढं मला कळतं, पण मी सांगितलं. चार माणसांसकट गाडी चौदाशे किलो धरा. ती 72 वॅट-अवरची बॅटरी काठोकाठ भरलेली आहे, एक थेंब वाया जात नाही, असं धरलं तरी तेवढ्या विजेत ही गाडी सरळ उभी किती वर चढेल? 19 मीटर. वाई ते पाचगणी चढ आहे पाचशे मीटरच्या वर. मोटर ढकलते हो, पण पहिल्या एक-दोन वळणांपुरतं.

अण्णा पाचगणीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. टेबललँडला चहा पिताना म्हणाले, ‘म्हणजे फसवलं मला.’

इथे माझा मुद्दा सुरू होतो. (एक चिठ्ठी व्यासपीठावर येते.) हो, हो, पाहिली. दहा मिनिटं. मुद्दा सुरू झालाय म्हणून सांगतोय.

अण्णांना फसवलं असेल तर त्या ‘ढकलते’ या शब्दानं. गाडीनं नाही. या यंत्राची कमाई घाटात नाहीच. ती उभ्या गाडीत आहे. आणि तेवढीच कमाई अण्णा रोज सकाळी बटण दाबून बंद करत होते! पैसे मोजून घेतलेली वस्तू फुकट घालवायची, आणि जिथे ती काही करू शकत नाही तिथे तिच्याकडून अपेक्षा ठेवायची. अशी मंडळी मला पार्किंगमध्ये रोज भेटतात. ही माझी खरी तक्रार आहे, आणि तिच्यासाठी मी आज आलोय.

पुरावा मारुतीनंच दिला. जुलै 2023 मध्ये मॅन्युअल ब्रेझातून ही हायब्रिडची सगळी सोय काढली. इंजिन तेच, गिअर तेच, ताकद कागदावर तीच. प्रमाणित मायलेज 20.15 वरून उतरून 17.38 किलोमीटर प्रतिलिटर झालं. ताकदीचा आकडा जागचा हलला नाही, पेट्रोलचा हलला. पुढे वरच्या व्हेरियंटना ती परत मिळाली. त्याच्याही आधी, 2020च्या पेट्रोल ब्रेझात, मॅन्युअल हायब्रिडविना 17.03 आणि जुनी चार गिअरची ऑटोमॅटिक हायब्रिडसह 18.76. एरवी ऑटोमॅटिक मागे राहते, इथे पुढे गेली.

पण थांबा, या आकड्यालाही चष्मा लावून बघा. आपण त्याला ‘एआरएआय मायलेज’ म्हणतो. एआरएआय म्हणजे ही आपली वेताळ टेकडीवरची, गाड्या तपासणारी संस्था. मनेसरच्या आयकॅटमध्येही अशा चाचण्या होतात. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर असते. चाचणी जवळजवळ वीस मिनिटांची. शहरी भाग 195 सेकंदांचा, तो चार वेळा, आणि त्यात जवळपास तिसरा हिस्सा गाडी नुसती उभी. मग थोडा हायवे, तोही 90च्या वर नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एसी बंद! उभ्या गाडीत इंजिन बंद करणाऱ्या यंत्राला याहून चांगला परीक्षक कुठे मिळणार? एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता तुम्ही कर्वे रस्त्यावर उभे असता. एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन बंद झालं की ब्लोअर फिरत राहतो, पण हवा कोमट व्हायला लागते. थोड्या वेळात गाडी स्वतःच ठरवते, आता पुरे, आणि इंजिन चालू करते. म्हणून उन्हाळ्यात फायदा कमी, जानेवारीत सकाळी जास्त. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवलीत तर कागदावर 95 लिटर वाचतात, म्हणजे आजच्या भावानं साडेनऊ-दहा हजार रुपये. माझ्या मते निम्मे हातात पडले तरी पुष्कळ.

घड्याळ दाखवू नका हो, दिसतंय मला. चालवायला कशी आहे, ते पटकन. उंच बसायला मिळतं, स्टिअरिंग हलकं, खड्ड्यात गाडी गप्प राहते. इंजिन गुळगुळीत आहे, पण घाई करणारं नाही. ओव्हरटेकला एक गिअर खाली टाका, वर फिरवा, मग पळते. घाटात दुसरा गिअर टाकायची लाज बाळगू नका. सहा गिअरची ऑटोमॅटिक शहरात सुखाची. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या स्थिर वेगानं गेलात तर हायब्रिडचा सगळा पसारा नुसता प्रवासी म्हणून बसलेला असतो.

आता कराचं. सरकारी सवलत या माइल्ड हायब्रिडला 2015च्या फेम योजनेत, म्हणजे हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांसाठीच्या योजनेत होती, एप्रिल 2017पासून गेली. चार मीटरच्या आतली लांबी कशासाठी? 2006च्या अर्थसंकल्पापासून छोट्या गाडीला कर कमी आहे म्हणून. पण अट दुहेरी आहे, पेट्रोल 1200 सीसीच्या आत, डिझेल 1500च्या. अण्णांचं जुनं डिझेल त्यात बसायचं. हे 1462चं पेट्रोल बसत नाही. सप्टेंबर 2025नंतरही छोट्या गाडीला 18 टक्के जीएसटी, हिला 40. म्हणजे डिकी आखूड करून घेतली, आणि सवलत पुढच्या दारानं निघून गेली.

कोणी घ्यावी? रोज सिग्नल, रोज कोंडी, स्वारगेट-हिंजवडी असं ज्याचं नशीब आहे त्यानं. जो महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जातो आणि एरवी गाडी झाकून ठेवतो, त्यानं हायब्रिडसाठी जादा पैसे देऊ नयेत, साधी घ्यावी. ज्याला इंजिन बंद ठेवून विजेवर हळूहळू सरकायचंय त्यानं स्ट्राँग हायब्रिड बघावी. मारुतीच्याच ग्रँड व्हिटाराच्या त्या प्रकाराचं प्रमाणित मायलेज 27.97 आहे, किंमतही तशीच वर.

टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा दुपारची वेळ मागा. एसी दोनवर ठेवा, मोठ्या सिग्नलला थांबा, आणि इंजिन बंद झाल्यापासून ते आपणहून परत चालू होईपर्यंत किती सेकंद गेले ते मोबाइलवर मोजा. सेल्समनला घाटाबद्दल विचारू नका. आणि सही करण्याआधी व्हेरियंटचा कागद मागा. मॅन्युअलमध्ये खालच्या व्हेरियंटला ही मोटर नसली, तर बाहेरून बघून तुम्हाला कळणारही नाही. आता प्रश्न. तिसऱ्या रांगेतले काका, तुमच्याकडे ती आहे, हो ना? बटण दाबता?