बिनकाट्याचा गळ

(धुकं. नदी दिसत नाही, नुसतं पाणी ऐकू येतं. धुक्यातून एक लांबट होडी हळूहळू पुढे येते.)

पहाटेचे साडेपाच. उत्तर मिशिगनमधलं ग्रेलिंग गाव अजून उठलेलं नाही. ही ऑसाबल नदी. नाव फ्रेंच आहे आणि त्याच्या अर्थातच वाळू आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या भागात वाळूचे जाड थर टाकले. पाऊस आणि बर्फाचं पाणी त्यात मुरतं आणि झिरपत झिरपत वर्षभर नदीला मिळत राहतं. म्हणून हिला मोठे पूर सहसा येत नाहीत, ती आटत नाही, आणि जूनच्या अखेरीसही पाण्यात घातलेला हात पटकन मागे घ्यावासा वाटतो.

होडीकडे नीट बघा. लांबी चोवीस फुटांच्या आसपास, रुंदी एका माणसाच्या बैठकीएवढी, तळ सपाट. वल्ही नाहीत. मागे बसलेला माणूस लांब काठीनं तळ रेटत ती चालवतो. वेग कमी करायचा असेल तर मागून साखळी सोडतो. खडीवरून घासत जाणारी ती साखळी आता ऐकू येईल.

(साखळीचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.)

या होडीची घडण एकोणिसाव्या शतकातली, लाकूडतोडीच्या दिवसांतली. अजूनही ती याच नदीवर बांधतात.

(लाकडी केबिन. लांब टेबल, दिवे, वाकलेली डोकी.)

आदल्या दिवशीची संध्याकाळ. आमचा फ्लाय फिशिंग क्लब डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांचा. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, आणि आमच्यासारखी दोन-तीन मराठी कुटुंबं. वर्षातून एकदा, जून संपता संपता, सगळे तीन तास गाडी चालवून इथे जमतात. पहिल्या रात्री कुणी नदीवर जात नाही. सगळे माशा बांधतात.

फ्लाय म्हणजे माशी, माशाला भुलवायला बांधलेली नकली. टेबलाला बसवलेल्या चिमट्यात गळ घट्ट धरायचा आणि त्यावर दोरा, पिसं, केस गुंडाळत पाण्यावर उतरलेला कीटक उभा करायचा. हा जो करडा गळ तयार होतोय, तो ॲडम्स. अंगाला मस्करॅट या पाणउंदराची मऊ लव, पंखांना करड्या ठिपक्यांच्या कोंबड्याच्या पिसांची टोकं, आणि गळ्याभोवती तपकिरी आणि ठिपकेदार अशी दोन पिसं एकत्र फिरवलेली. १९२२ साली याच राज्यातल्या लेन हॅलडे यांनी तो पहिल्यांदा बांधला. तो हुबेहूब कुठल्याच एका कीटकासारखा नाही, थोडा थोडा बऱ्याच कीटकांसारखा आहे. आज ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडणाऱ्या कुणाचीही डबी उघडा, त्यात ॲडम्स सापडेल.

(अगदी जवळून: मोरपिसाचा एकेक तंतू सोलून काढणारी बोटं.)

आणि हे मोरपीस. लहानपणी आपण वहीत ठेवायचो, तेच. त्याचा एक तंतू गळाभोवती गुंडाळला की हिरवं-तांबूस चमकणारं अंग तयार होतं. वर ठिपकेदार पिसाचे वेढे घातले की झाला ग्रिफिथ्स नॅट. तांदळाच्या दाण्याएवढी ही माशी ज्यांच्या नावानं ओळखली जाते, ते जॉर्ज ग्रिफिथ याच नदीकाठी राहत. त्यांच्या घराचं नाव होतं ‘बिनकाट्याचा गळ’.

(पक्कड. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबला जातो. टक्.)

हा तो उलटा काटा. गळ तोंडात रुतला की सुटू नये म्हणून असतो. क्लबमध्ये प्रत्येक गळाचा तो काटा पकडीनं दाबून सपाट करतात. मासा सहज सुटावा म्हणून.

माझं बालपण मालवणचं. मासा म्हणजे बाजार, पाटी, कोयती आणि दुपारचं जेवण. या सहलीबद्दल आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, “सोडूनच द्यायचा तर पकडता कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर गावाच्या नावातच आहे.

(जुनं चित्र: शिडासारखा उंच पंख असलेला मासा.)

हा ग्रेलिंग. पाठीवर शिडासारखा मोठा पर, त्यावर रंगीत ठिपके. शास्त्रीय नाव थायमॅलस, कारण ताज्या माशाला थाइमच्या पानांचा वास येतो असं म्हणत. आपल्या ओव्याला जो वास असतो, त्याच्या फार जवळचा. या नदीत हा मासा इतका होता की गावाला त्याचंच नाव मिळालं. रेल्वे आली, तिच्याबरोबर शहरांतून हौशी लोक आले. मासा भोळा, गळाला पटकन लागणारा. पेट्याच्या पेट्या भरून तो शहरांकडे गेला.

पण नुसत्या गळानं तो संपला नाही. काठावर पांढऱ्या पाइनचं जंगल होतं, उंच, सरळ खोडांचं. ते तोडलं गेलं. इथून जवळच हार्टविक पाइन्समध्ये त्या जुन्या जंगलाचा एक तुकडा उरलाय, ४९ एकरांचा. आपण आत्ता पाहतोय ती झाडं तिथलीच आहेत.

(पाइनच्या खोडांवरून कॅमेरा वर, वर, वर जातो.)

तोडलेले ओंडके वसंतात नदीतूनच खाली सोडत. वाटेत अडकू नयेत म्हणून पात्रात पडलेली झाडं आधीच काढून टाकत. हजारो ओंडके काठ खरवडत जात. सावली गेली, पाणी तापलं. काठाची वाळू पात्रात आली आणि खडी तिच्याखाली गाडली गेली. ग्रेलिंग अंडी घालायचा त्याच खडीत, आणि वसंतातच. १९३६ पर्यंत मिशिगनच्या सगळ्या नद्यांतून तो नाहीसा झाला. राज्य सरकार आणि इथल्या मूळ रहिवाशांचे समूह मिळून त्याला परत आणायच्या खटपटीत आहेत, दुसऱ्या नद्यांत.

ऑसाबलमध्ये आज ट्राउट आहे. ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही. त्याची अंडी जर्मनीहून आली आणि अमेरिकेतली पहिली पिल्लं १८८४ साली मिशिगनमध्येच सोडली गेली.

(नदीकाठचं घर, लांबून. पाण्याकडे उतरणारं गवत.)

१८ जुलै १९५९. ग्रिफिथ यांच्या त्या घरात सोळा मासेमार जमले. त्या काळी सरकार तलावात वाढवलेले, एकाच मापाचे मासे नदीत ओतायचं आणि लोक ते काढून न्यायचे. या सोळा जणांचं म्हणणं होतं: मासे ओतत बसू नका, नदी सांभाळा, मासे आपले आपण होतील. त्या बैठकीतून ट्राउट अनलिमिटेड ही संघटना उभी राहिली, आणि आज ती देशभर आहे. तिची सुरुवात मासेमारांच्या एका घरगुती जमावातून झाली, आणि मला वाटतं क्लबच्या अशा सहलींकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९५४ साली, जॉर्ज मेसन वारले. नॅश-केल्विनेटर कंपनीचे प्रमुख. केल्विनेटरचा फ्रिज आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहे. त्यांनी नदीच्या दक्षिण फाट्याकाठची आपली सुमारे १५०० एकर जमीन राज्याला देऊन टाकली. अट अशी की ती रानच राहावी. तिथे आजही रान आहे.

(शनिवार सकाळ. दोर, हातमोजे, गुडघाभर पाण्यात उभी माणसं. एक आख्खं झाड फांद्यांसकट घसरत येतं.)

आता जे दिसतंय त्यासाठी मी ही फिल्म केली. हे सीडरचं झाड वादळात पडलेलं, एका सभासदाच्या जमिनीवरचं. दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि दोर खांद्यावरून घेतलाय. सत्तरीचे गृहस्थ आहेत, आठवीतली मुलगी आहे. राज्याची परवानगी घेऊन क्लब हे झाड नदीत ठेवतोय.

(“आता... ओढा!” हसणं, दम, पुन्हा “ओढा!”)

बुंधा काठाशी, शेंडा प्रवाहाच्या दिशेला. काठाला धरून झुकलेल्या अशा झाडांना इथे स्वीपर म्हणतात, पाण्यावरून झाडू फिरवणारे. झाड तिरकं बसलं की पाणी त्याच्या टोकाला वळसा घालतं आणि तिथे जोर धरतं. त्या जोरानं वाळू निघून जाते आणि खालची खडी उघडी पडते. ट्राउट शरदात अंडी घालतो, त्याला हीच खडी लागते. झाडामागे पाणी संथ होतं, वाळू तिथे बसते. खोडावर शेवाळ धरतं, शेवाळावर कीटक जगतात, फांद्यांखाली सावली पडते आणि सावलीत मासा येऊन थांबतो. दीडशे वर्षांपूर्वी नदीतून जे लाकूड ओढून काढलं, ते एकेक झाड करून परत ठेवायचं. त्या सकाळी तीन झाडं झाली.

गावाच्या जुन्या मत्स्यबीज केंद्रात मोठ्या प्रमाणावर मासे वाढवायचं ठरलं होतं, तेव्हा पाणी बिघडेल म्हणून नदीवर प्रेम करणाऱ्या मासेमारांनी कोर्टात लढा दिला आणि ते थांबलं.

(गवताचं मैदान. दहा-बारा जण रांगेत, हातात रॉड. हवेत दोरांची वळणं.)

दुपारी गवतावर सराव. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधलाय. आपली गोफण आठवा. तिथे वजन दगडाचं आणि दोर नुसता त्याला फिरवतो. इथे बरोबर उलटं आहे. माशीला वजन नाही, वजन दोराचं. दोर मागे टाकायचा आणि मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. मग पुढे. सगळी कला त्या थांबण्यात आहे, आणि नवख्या माणसाला तेच जमत नाही. कारखान्यात उभी हयात गेलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद प्रत्येकाच्या मागे उभे राहून इतकंच म्हणतात.

(“थांब... थांब... आता.” दोर सरळ जातो. लोकर गवतावर अलगद टेकते.)

बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज, साधारण तेरा-चौदा किलोमीटर. या पट्ट्याला होली वॉटर्स म्हणतात. इथे आमिष चालत नाही, फक्त फ्लाय, आणि पकडलेला प्रत्येक मासा सोडायचा. क्लब आणखी एक नियम पाळतो. पाण्यात थर्मामीटर धरायचा आणि २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर त्या दिवशी रॉड बाहेर काढायचाच नाही. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी मरतो. आज १४.

(मुलगी पाण्यात. रॉड वाकतो. वडील दोन पावलं मागे.)

(“बाबा, आला! बाबा!”
“हात ओले कर आधी. पाण्याबाहेर काढू नकोस.”
“सोडू?”
“सोड की. हळू.”)

(ओंजळीत ब्रुक ट्राउट. हिरवट पाठ, नागमोडी रेषा, निळ्या कड्यातले लाल ठिपके. बोटं उघडतात.)

(संध्याकाळ. काठावर ओळीनं बसलेली माणसं. कुणी बोलत नाही.)

सूर्य इथे साडेनऊच्या सुमारास मावळतो. ही सगळी मंडळी हेक्सची वाट बघतायत. हेक्साजेनिया, मेफ्लाय जातीचा कीटक, बोटाच्या दोन पेरांएवढा. गावकरी त्याला मिशिगन कॅडिस म्हणतात, पण कॅडिस हा वेगळाच कीटक. त्याची अळी नदीच्या गाळात बीळ करून सुमारे दोन वर्षं राहते. मग जूनअखेरच्या उबदार रात्री हजारोंनी वर येते, कात टाकते, उडते. प्रौढ हेक्सला खायला तोंडच नसतं. एक-दोन दिवसांत जोडी जमवायची, अंडी पाण्यावर टाकायची आणि पडायचं. दिवसभर फांद्यांखाली दडलेले मोठे ब्राउन ट्राउट त्या रात्री वर येतात.

दिवे लावायचे नाहीत, म्हणून यापुढे चित्र फारसं नाही. मासेमारही आवाजावरच फेकतो. ऐका.

(काळोख. पाणी. गुळुक्. लांबवर, मोठा, पुन्हा गुळुक्. दोर हवेत सुटल्याचा सूं आवाज. मग कुजबुज: “लागला.” लाल दिवा क्षणभर. रॉडवरच्या मापाच्या खुणेशी धरलेला, पाण्यातच आडवा मासा. दिवा बंद.)

(पहाट. गावाबाहेरचा पेट्रोल पंप.)

रात्रभर दिव्यांकडे आलेले हेक्स पंपाच्या भिंतीवर, काचेवर, जमिनीवर. पंपावरचा माणूस रुंद झाडू घेऊन बाहेर येतो, ढीग करतो, फावड्यानं उचलतो. पंख चुरचुरतात. क्लबच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत, टपावर होड्या पालथ्या बांधलेल्या. आठवीतली ती मुलगी मागच्या सीटवर झोपली आहे, हातमोजे अजून हातात आहेत.

(गाड्या एकेक करून दक्षिणेच्या रस्त्याला लागतात. झाडूचा आवाज चालू राहतो.)