व्यायामशाळेवरचा घुमट

आपल्याकडे वायएमसीए म्हटलं की परवडणारी खोली, टेबल टेनिस आणि बास्केटबॉलचं मैदान एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे जेरुसलेमच्या वायएमसीएचं चित्र पडद्यावर आलं की कुणीतरी विचारतंच, 'हे चर्च आहे का?' मधोमध सुमारे दीडशे फुटांचा मनोरा, दोन्ही अंगांना घुमट, पुढे कमानींच्या ओवऱ्या. चर्च म्हणा, मशीद म्हणा, दोन्ही खपून जाईल. प्रत्यक्षात एका घुमटाखाली सभागृह आहे आणि दुसऱ्याखाली चक्क व्यायामशाळा. मला आज बोलायचंय ते या दुसऱ्या घुमटाबद्दल.

इमारतीची कोनशिला १९२८ची, उद्घाटन १९३३चं. न्यू जर्सीतल्या जेम्स जार्व्ही या गृहस्थांची मोठी देणगी तिच्यामागे होती. वास्तुकार आर्थर लूमिस हार्मन न्यूयॉर्कचे. 'श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन' या फर्ममधले तेच हार्मन. एम्पायर स्टेट बिल्डिंग याच फर्मची. तिकडे पोलादाचा सांगाडा आभाळात चढवायचा आणि इकडे दगड, कारण ब्रिटिश अमलात जेरुसलेममध्ये बांधकाम स्थानिक दगडातच करायचा नियम होता. समोरचं किंग डेव्हिड हॉटेलही त्याच दगडाचं. या एका नियमानं त्या शहराचा चेहरा जितका राखला, तितका कुठल्याही महान वास्तुकारानं राखला नसेल, असं माझं मत आहे.

आता आराखडा बघा. वायएमसीएचं चिन्ह त्रिकोण: शरीर, बुद्धी, आत्मा. हा त्रिकोण वायएमसीएचे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ ल्यूथर गुलिक यांनी १८९१मध्ये पुढे आणला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत तिथले शिक्षक जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं, आणि बास्केटबॉल जन्मला. हार्मननी तो त्रिकोण जमिनीवर मांडला. शरीरासाठी व्यायामशाळा, बुद्धीसाठी सभागृह, आणि दोघांच्या मध्ये वर चढणारा मनोरा. व्यायामशाळा तळघरात किंवा मागच्या अंगणात ढकलणं किती सोपं होतं! त्यांनी तिला सभागृहाच्या बरोबरीचा घुमट दिला. घाम गाळण्याची जागा दर्शनी बाजूला, तीही घुमटाखाली. मला ही या इमारतीतली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते.

गाइड मात्र तुम्हाला आकडे सांगतील. ओवऱ्यांचे चाळीस खांब म्हणजे बायबलमधल्या इस्राएल लोकांची वाळवंटातली चाळीस वर्षं आणि येशूचे उपवासाचे चाळीस दिवस. सभागृहाच्या घुमटाच्या बारा खिडक्या म्हणजे इस्राएलचे बारा वंश, येशूचे बारा शिष्य. दर्शनी भागावर हिब्रू, अरामी आणि अरबी अशी तीन वचनं. मनोऱ्यावर सहा पंखांचा देवदूत कोरलेला. सगळं देखणं आहे, पण आकड्यांना अर्थ चिकटवता येतो. बाहेर फिरणाऱ्या पोराला खिडक्या मोजायची हौस नसते. त्याला आत ओढायला पोहण्याचा तलाव लागतो, लाकडी फरशीचा कोर्ट लागतो. तेही इथे होतं.

उद्घाटनाला लॉर्ड ॲलेन्बी आले होते, म्हणजे १९१७मध्ये हे शहर जिंकणारा सेनापती. इथलं वातावरणच शांततेचं आहे, राजकारणाचे आणि धर्माचे हेवेदावे इथे विसरता येतील, अशा अर्थाचं ते बोलले. तेही दगडात कोरलंय. जिंकणाऱ्याला असं बोलणं सोपं जातं, हे आपलं माझं.

तेरा वर्षांनी, जुलै १९४६मध्ये, समोरच्या किंग डेव्हिड हॉटेलमध्ये स्फोट होऊन ९१ माणसं मेली. पुढच्या उन्हाळ्यात पॅलेस्टाइनचं काय करायचं हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांची समिती आली आणि तिनं सुनावण्या घेतल्या त्या वायएमसीएच्या सभागृहात. बेन गुरियन, वाइझमन या ज्यू नेत्यांच्या साक्षी तिथेच झाल्या. पॅलेस्टाइनमधल्या अरबांचं नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीनं बहिष्कार घातल्यामुळे ऐक्यासाठी बांधलेल्या त्या घुमटाखाली मुख्य वादातली एक बाजू आलीच नाही.

समितीत भारताचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. बहुमत फाळणीच्या बाजूचं. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी अल्पमताची वेगळी योजना मांडली: अरब आणि ज्यू अशा दोन घटकांचं एकच संघराज्य, राजधानी जेरुसलेम. २९ नोव्हेंबर १९४७ला न्यूयॉर्कमध्ये मतदान झालं ते फाळणीच्या बाजूनं. आता पुढचं चित्र लावा. व्यायामशाळेचा घुमट आतून बघू.