आगगाडीच्या जुन्या वाटेवरून: तार्विझिओ ते वेन्झोने, सायकलवर

(पडदा काळा. आधी फक्त आवाज.)

ऐकताय ना? हा जो कटकटकट आवाज येतोय तो मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचा आहे, पायडल मारणं थांबवलं की येतो तो, आणि एवढा मोठा ऐकू येतोय कारण आपण बोगद्यात आहोत. रेल्वेचा बोगदा. वरून पाणी ठिबकतंय, गारवा एवढा की जूनमधे जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलीये, आणि समोर तो पांढरा ठिपका दिसतोय ना तिथे बोगदा संपतो.

(उजेड. दरी, खाली नदी.)

आणि ही फेल्ला नदी. रंगात मी काहीही बदल केलेला नाही, ती अशीच दिसते, पांढरेशुभ्र गोटे आणि त्यातून वाहणारं हिरवट निळं पाणी. आपण इटलीच्या अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात आहोत, फ्रिउली भागात, इथून मागे ऑस्ट्रियाची सीमा जवळ आणि स्लोव्हेनियाचीही जवळ. रस्त्याचं नाव आल्पे आद्रिया. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून निघतो, आल्प्स ओलांडतो आणि एड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्रादो गावात संपतो, सगळा मिळून चारशे किलोमीटरच्या थोडा वर. आम्ही सगळा नाही केला. आम्ही तार्विझिओला ट्रेनमधून सायकली उतरवल्या आणि तिथून खाली निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. मी म्युनिकला असते, बाबा औसा तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले, आणि नोकरीची कितीतरी वर्षं रोज सायकलने शाळेत गेलेले. यावेळी ते महिनाभरासाठी आले तेव्हा म्हटलं, बाबा, म्यूझियम वगैरे राहू देत, सायकल चालवायची का? तर म्हणाले, "चालवायची की, पण ट्रकच्या बाजूनं नको बाई."

ट्रक नाहीत इथे. गाड्याच नाहीत. आणि त्यामागे एक गोष्ट आहे ती सांगते.

या दरीतून पूर्वी रेल्वे जायची, तिला पोंतेब्बाना म्हणतात. उदिनेहून निघालेली लाइन १८७९ मधे पोंतेब्बा गावापर्यंत पोचली. एकेरी रूळ, एका बाजूला डोंगर एका बाजूला नदी, ठिकठिकाणी बोगदे आणि लोखंडी पूल. पुढे शंभर वर्षांनी ट्रॅफिक वाढलं, एकेरी लाइन पुरेना, दरडींचा त्रास तर होताच, मग त्यांनी डोंगराच्या पोटातून लांबच लांब बोगदे खणून दुहेरी लाइन टाकली, ती टप्प्याटप्प्याने २००० पर्यंत पूर्ण झाली. म्हणजे नवी गाडी गेली डोंगराच्या आत, आणि बाहेरची जुनी वाट, पूल, बोगदे, स्टेशनं सगळं तसंच मागे राहिलं. नुसतं राहिलं असतं तर गंजून गेलं असतं. त्यांनी रूळ काढून डांबर टाकलं, पुलांना कठडे बसवले, बोगद्यात दिवे लावले आणि ती वाट सायकलवाल्यांना देऊन टाकली. रेल्वेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही म्हणून वाट आधीच सौम्य होती, त्यामुळे आज लहान मुलं, म्हातारी माणसं, पाठीमागे ट्रेलरमधे बाळ बसवलेल्या आया, सगळे इथून आरामात जातात.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना लगेच शकुंतला आठवली, विदर्भातली, मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि एकीकडे अचलपूरला जायची ती नॅरोगेज. मला स्वतःला वाटतं की शकुंतलाच्या वाटेवर पुन्हा गाडीच धावावी, तिथल्या लोकांना तिची गरज आहे. पण आपल्याकडे जिथे जिथे जुनी लाइन कायमची बंद पडलीये, बोगदे ओस पडलेत, तिथे हा विचार करायला काय हरकत आहे?

(मालबोर्गेत्तो. दगडी स्मारक, त्यावर सिंह.)

हे मालबोर्गेत्तो. इथे थोडंच थांबलो, पण बाबांनी हे स्मारक बघितलंच. १८०९ च्या मे महिन्यात नेपोलियनची फौज या दरीतून वर ऑस्ट्रियाकडे निघाली होती आणि इथल्या छोट्याशा गढीत हेन्सेल नावाचा ऑस्ट्रियन कॅप्टन मूठभर शिबंदी घेऊन त्यांना अडवून उभा राहिला. शेवटी गढी पडली, तोही पडला. आता त्याच्या नावाने हा मरणारा सिंह आहे. मी एवढं सांगितल्यावर बाबा फक्त "पावनखिंड" म्हणाले आणि टोपी काढून उभे राहिले.

या वरच्या दरीत चार भाषा बोलतात, इटालियन, जर्मन, स्लोव्हेनियन आणि फ्रिउलीची आपली फ्रिउलियन. का, ते पोंतेब्बात कळतं.

(पोंतेब्बा. छोटा पूल, खाली ओढा.)

हा ओढा बघा. खरंच ओढाच आहे, पावसाळ्यातला आपला गावओढा याहून रुंद असेल. पण पहिल्या महायुद्धापर्यंत ही दोन देशांमधली सीमा होती. अलीकडे इटलीचं पोंतेब्बा, पलीकडे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं पोंटाफेल. या काठाची भाषा वेगळी, त्या काठाची वेगळी, राजा वेगळा. युद्धानंतर दोन्ही मिळून एक गाव झालं. आम्ही सायकली हातात धरून चालत पलीकडे गेलो आणि परत आलो, बाबा दोनदा गेले.

पोंतेब्बाच्या खाली दरी अरुंद होते आणि हा माझ्या मते सगळ्या वाटेतला सगळ्यात सुंदर पट्टा. बोगदा संपतो की लगेच पूल, पूल संपतो की लगेच बोगदा, अंधार उजेड अंधार उजेड असं चालतं आणि दर उजेडाला नदी एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला. एका पुलावर मी मुद्दाम थांबून कॅमेरा अगदी जवळ नेलाय, हे रिव्हेट बघा, लोखंडी तुळईवर ओळीने ठोकलेले, आपल्या अंगठ्याएवढे. वेल्डिंग नाही कुठे, लाल तापवून एकेक ठोकलेला. हात लावला तर उन्हाने गरम. बाबा त्यांच्यावरून हात फिरवत पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

(किउजाफोर्ते. स्टेशनची इमारत.)

आणि हे किउजाफोर्तेचं स्टेशन. गाडी येत नाही पण प्लॅटफॉर्म तोच, इमारत तीच, आणि आत आता सायकलवाल्यांसाठी कॅफे आहे. जिथे लोक गाडीची वाट बघत बसायचे तिथे आम्ही जेवायची वाट बघत बसलो. बाबा शाकाहारी, त्यामुळे मला काळजी होती, पण इथे फ्रिको मिळतो. मोन्तासिओ नावाचं चीज असतं, त्याच नावाचा डोंगर या दरीच्या डोक्यावर उभा आहे, ते चीज आणि बटाटा तव्यावर एकत्र जाडसर पसरून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात, सोबत मक्याचा पोलेंता. बाबांनी पहिला घास खाल्ला आणि कडेचा कुरकुरीत भाग आधी संपवला, जसं ते घरी थालीपिठाचं करतात.

तिथून पुढे एका टप्प्यावर आम्हाला गाडीरस्त्यावर यावं लागलं, थोडाच वेळ, पण आल्याबरोबर फरक अंगावर आला. मागून गाडी आली की खांदे आपोआप वर जातात, बोलणं बंद होतं. सकाळपासून आम्ही शेजारी शेजारी चालवत गप्पा मारत होतो, तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

(वेन्झोने. तटबंदी, वेस.)

संध्याकाळी वेन्झोने. तटबंदीचं गाव, मध्ययुगातलं, वेशीतून आत गेलं की दगडी गल्ल्या, खिडक्यांत फुलं, चौक, देऊळ... म्हणजे त्यांचं मोठं चर्च, १३३८ साली त्याचा अभिषेक झालेला. बघितल्यावर वाटतं की सातशे वर्षं या गावाला कुणी हात लावला नाही.

तसं नाहीये. ६ मे १९७६, रात्रीचे नऊ. भूकंप झाला. सगळ्या फ्रिउलीत जवळपास हजार माणसं गेली. वेन्झोनेची घरं पडली, चर्च मोडकळीला आलं पण बरंचसं उभं होतं. लोकांनी डागडुजीला सुरुवात केली आणि सप्टेंबरच्या १५ तारखेला पुन्हा मोठे धक्के बसले, त्यात राहिलेलंही खाली आलं. हिवाळा तोंडावर होता, हजारो लोकांना समुद्रकाठच्या रिकाम्या हॉटेलांमधे नेऊन ठेवलं.

पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावातल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, की आमचं गाव जिथे होतं तिथेच आणि जसं होतं तसंच बांधायचं. ढिगाऱ्यातले चर्चचे दगड फेकून न देता गावाबाहेरच्या कुरणात ओळीने मांडले. हजारो दगड. एकेकाचं माप घेतलं, नोंद केली, जुने फोटो समोर ठेवून कुठला दगड कुठल्या भिंतीत कितव्या थरात होता ते शोधलं, आणि मग परत रचलं. चर्च पुन्हा उभं राहिलं तेव्हा १९९५ साल उजाडलं होतं. नीट बघितलं तर जुना दगड आणि नवीन भर ओळखू येते, लपवलेली नाही.

बाबा इथे बराच वेळ गप्प होते. मला कारण माहीत होतं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली, पहाटे चार वाजायच्या आत. बाबा तेव्हा तरुण मास्तर, दोन दिवसांनी पाण्याच्या टँकरसोबत गेले होते. आमच्याकडची घरं म्हणजे माळवदाची, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड छप्पर, उन्हाळ्यात गार राहणारी. त्याच भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या. नंतर किल्लारी आणि आजूबाजूची कितीतरी गावं दुसऱ्या जागी बसवली. लोकांनाच जुन्या जागी राहायची भीती वाटत होती, त्यामुळे ते चुकलं असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. नवीन घरं मिळाली, रस्ते सरळ मिळाले. पण बाबा म्हणतात, गल्ली गेली, शेजार बदलला, म्हाताऱ्या माणसांना आपलं घर कुठल्या दिशेला तोंड करून होतं तेच आठवेना.

(पडकं चर्च. भिंतींमधे गवत.)

वेन्झोनेत एक इमारत त्यांनी मुद्दाम बांधली नाही. हे सान जोव्हान्नीचं चर्च, १९७६ मधे पडलं तसंच ठेवलंय, वर आभाळ, आत गवत. बाबा इथल्या एका दगडावर बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत घरी कधी सांगितली नव्हती, आणि व्हिडिओत घेऊ का विचारलं तर "घे" म्हणाले. किल्लारीत एका गल्लीत सगळं भुईसपाट होतं, फक्त एक सागवानी चौकट उभी होती, आणि तिला गणपतीचं आंब्याच्या पानांचं तोरण तसंच बांधलेलं होतं. पानं सुकलेली, पण एकही पडलेलं नव्हतं. "तेवढी चौकट तरी कुणी जपायला पायजे होती गं," म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही तिथेच होतो. स्विफ्ट पक्षी फिरत होते वर, तो आवाज तुम्हाला ऐकू येतोय.

(सकाळ. तटबंदीबाहेर दोन सायकली.)

दुसऱ्या दिवशी सहाला उठून बघते तर बाबा खाली अंगणात टायरमधे हवा भरत होते, माझ्याही सायकलच्या. फेल्ला वेन्झोनेच्या आधीच ताल्यामेन्तो नदीला मिळालेली, इथून दरी उघडते, मैदान सुरू होतं. जेमोना, उदिने, ताऱ्याच्या आकाराचं पाल्मानोव्हा, रोमन लोकांचं अक्विलेया, आणि मग समुद्र. शंभरेक किलोमीटर. "समुद्रापर्यंत जाऊ की," बाबा म्हणाले, "तू ऑफिसला कळव."