हाताची घडी, तोंडावर बोट

तासगाव तालुक्यातील द्राक्षबागांच्या कडेला असलेल्या या अंगणवाडीत माठापासून सतरंजीपर्यंतचे अंतर जेमतेम दहा पावलांचे आहे. पण चार वर्षांच्या या मुलीच्या हातातील पेला काठोकाठ भरलेला असल्याने तिच्यासाठी ते फार लांबले आहे. तिचे ओठ पाहा.

(येथे मुलीचा मूळ आवाज ऐकू द्यावा : "हळू… हळू… सांडायचं न्हाई. दोन्ही हातानं धर गं बाय.")

"धर गं बाय" हे शब्द तिच्या आजीचे आहेत आणि हेलही आजीचाच आहे. आजी या घडीला बागेत कामावर आहे. तिची सूचना मात्र नातीच्या तोंडून निघून नातीचेच हात सावरते आहे.

जिनिव्हातील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२३ सालच्या आपल्या ग्रंथात मुलांच्या अशा स्वतःशीच बोलण्याला आत्मकेंद्री म्हटले; दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे मुलाला अजून जमत नसल्याने ते असे बोलते आणि मोठे होताना हे बोलणे गळून पडते, असे त्यांचे मत होते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांना हे पटले नाही. त्यांनी चित्र काढायला बसलेल्या मुलांपुढे मुद्दाम अडचणी उभ्या केल्या, म्हणजे ऐन वेळी कागद नाहीसा केला किंवा हवी ती रंगीत पेन्सिल ठेवलीच नाही. तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. साडेपाच वर्षांचे एक मूल ट्रामचे चाक काढत असताना पेन्सिलीचे टोक मोडले. "मोडली," असे ते स्वतःशी पुटपुटले, त्याने पेन्सिल बाजूला ठेवून जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवायला सुरुवात केली. तोंडातून निघालेल्या एका शब्दाने अख्खे चित्र बदलले. व्हिगोट्स्की १९३४ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेले. त्याच वर्षी आलेले त्यांचे पुस्तक १९३६ नंतर दडपले गेले आणि १९५६ मध्येच पुन्हा छापले गेले. मुलांच्या बोलण्याचा अर्थ लावणाऱ्या पुस्तकालाच वीस वर्षे तोंडावर बोट ठेवून बसावे लागले!

आता खिडकीजवळच्या या तिघांकडे पाहा. सर्वांत लहान मुलगा पाटीवर रेघोट्या मारतो आणि झाल्यावर म्हणतो, "ही म्हस हाय." मधला काढता काढता बोलतो. मोठी मुलगी मात्र खडू टेकवण्याआधीच सांगते, "आता मी ट्रॅक्टर काढनार, मग ट्रॉली." आधी कामाच्या मागून येणारा शब्द वयाबरोबर पुढे सरकतो आणि बेत आखू लागतो.

एवढ्यात "हाताची घडी, तोंडावर बोट" अशी सूचना होते. मणी ओवणाऱ्या मुलाचे "लाल, निळा, लाल" थांबते आणि पुढचे दोन्ही मणी लाल ओवले जातात.

शेजारच्या शाळेत तिसरीतला हा मुलगा हातच्याची वजाबाकी करतो आहे. आवाज येत नाही, पण दशकाकडून एक घेताना ओठ हलतात. व्हिगोट्स्कींच्या मते हे बोलणे गळून न पडता असेच हळूहळू आत मुरते आणि विचार होते.

अंगणवाडीत पेला सतरंजीवर टेकला आहे. "हां, बसला," असे पेल्याकडे पाहून म्हणत मुलगी दुसरा आणायला निघते.