रविवारनंतर सोमवारच का? शब्दांत दडलेले देव

गुरुवार आणि थर्सडे. एकात देवांचे गुरू बृहस्पती, दुसऱ्यात हातोडा चालवणारा थॉर. मग वार एकच कसा? कारण या दोघांच्या मध्ये एक ग्रह आहे.

रोमन लोकांनी हा वार ज्युपिटर ग्रहाला दिला होता. ज्युपिटर म्हणजे वीज फेकणारा देव. जर्मानिक टोळ्यांनी, म्हणजे इंग्रजांच्या उत्तर युरोपातल्या पूर्वजांनी, वार उचलले आणि तिथे आपला गडगडाटाचा देव बसवला, थॉर. आपण त्याच ग्रहाला गुरू म्हणतो. देव बदलले, ग्रह तोच राहिला. असाच मंगळाच्या वारी टिव आला, बुधाच्या वारी वोडन, शुक्राच्या वारी फ्रिग. शनीला मात्र बदली देव मिळाला नाही, म्हणून सॅटर्डेत रोमन सॅटर्न अजून आहे.

आता क्रम बघू. वही घ्या आणि संथ ग्रहाकडून वेगवान ग्रहाकडे लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 होरा, म्हणजे तास, प्रत्येकीला याच ओळीने एक स्वामी. पहिल्या होरेचा जो स्वामी, त्याचा वार.

शनिवारची पहिली होरा शनीची. सातांच्या तीन फेऱ्या 21 होरांत संपतात. 22वी परत शनीची, 23वी गुरूची, 24वी मंगळाची. उद्याची पहिली? रवीची. रवीपासून तसंच मोजा, चंद्रावर याल. झाला सोमवार! दरवेळी पुढचा तिसरा ग्रह, पण निघालेला ग्रह मोजायचा नाही. तो मोजला की सगळं चुकतं. सूर्यापासूनच्या अंतराचा क्रमही इथे लागू पडत नाही, कारण ही मांडणी पृथ्वीवरून दिसणाऱ्या गतीची आहे. आणि होरा हा शब्द मुळात ग्रीक, इंग्रजी अवरचा सख्खा भाऊ.

एक इशारा. नुसत्या उच्चारावर जाऊ नका. ऑगस्ट हा अगस्तींचा महिना, असं सांगणारे भेटतात. तो रोमन सम्राट ऑगस्टसचा. त्याआधी त्याच महिन्याचं नाव सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा, असं होतं.

शेवटचा देव इजिप्तचा, आमुन. तिथल्या तुतनखामुन राजाच्या नावात आहे तोच. रोमन लोक एका क्षाराला आमुनचं मीठ म्हणायचे, कारण तो लिबियाच्या वाळवंटातल्या त्याच्या देवळाच्या बाजूने येतो असा समज होता. पुढे नवसागराला हेच नाव चिकटलं. तापलेल्या धातूवर नवसागर टाकला की दाट पांढरा धूर निघतो. त्याच नवसागरापासून मिळणारा, नाकात झोंबणारा वायू म्हणजे अमोनिया.

आमुनला मेंढ्याची शिंगं दाखवत. तशीच वेटोळी असलेल्या शंखासारख्या जीवाश्माला म्हणून अमोनाइट म्हणतात. नेपाळात गंडकीच्या पात्रात हेच जीवाश्म काळ्या दगडांत सापडतात. तिथे ती वेटोळी विष्णूचं चक्र असतात आणि दगड असतो शाळिग्राम.