दहा मिनिटांची कौटुंबिक उपासना

(दृश्य: जेवणानंतरची बैठकीची खोली. पेटी, टाळ, 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहाची जुनी प्रत.)

अहिल्यानगर, पुणे, जालना इथल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत रात्रीची जेवणं आटोपली की अजूनही कुटुंब प्रार्थनेला बसतं. एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. गीत बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाच्या वळणाची ख्रिस्तगीतं लिहिली. त्यामुळे ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, तेही टाळ धरून गातं.

अडचण येते ती मूल आठवी-नववीत गेलं की. 'एवढी प्रार्थना केली, तरी आजी गेलीच ना?' लहानपणी आपणच शिकवलेलं असतं, की मागितलं की मिळतं. तो हिशेब पहिल्याच मोठ्या दुःखात चुकतो, आणि हिशेबाबरोबर देवही खोटा वाटू लागतो.

यावरचा उपाय बायबलमध्येच आहे, फक्त आपण तो वगळतो. त्यातल्या १५० स्तोत्रांपैकी (देवाला उद्देशून म्हटलेल्या गीतांपैकी) जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा, तक्रारीचा आहे. घरोघरी पाठ होतं ते २३वं आणि १२१वं. सुरुवात १३व्या स्तोत्राने करावी, जेमतेम सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न, मधल्या दोनांत विनवणी, शेवटच्या दोनांत भरवसा. पहिल्या दिवशी दुसऱ्या ओवीपाशीच थांबा. मुलाला स्वतःचं एक 'कोठवर?' म्हणू द्या आणि त्यावर लगेच उत्तर देऊ नका. भरवशाच्या ओव्या दुसऱ्या दिवशी. थोड्या मोठ्या मुलांबरोबर ८८वं वाचावं. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

(दृश्य: शाळेचं पटांगण. गणेशोत्सवाची सजावट.)

आता बाहेरचं जग. बायबलमधल्या दानिएलला आणि त्याच्या मित्रांना बाबेलच्या परक्या राज्यात नेलं गेलं. त्यांनी तिथली नावं स्वीकारली, तिथली भाषा आणि विद्या तीन वर्षं शिकली. नाकारलं ते राजाच्या पंक्तीचं अन्न. तेही तंटा न करता: 'दहा दिवस शाकान्न देऊन पाहा.' घरात नेमकं हेच ठरवायचं असतं. आरती, प्रसाद, मित्राच्या घरची पूजा, फोनवरचे रील्स यांतलं काय मोकळेपणाने, काय नाही? प्रसादाबाबत ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही एकमत नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचा) मुलांसोबत वाचून आपल्या घराचं ठरवावं, कारणासकट. नुसती मनाई केली तर मूल प्रसाद लपून खातं आणि मग घाबरतं. नकाराचं वाक्यही घरी मोठ्याने म्हणून पाहावं: 'मी आरती म्हणत नाही, पण सजावटीला येतो.' यात मित्राच्या श्रद्धेची टिंगल नाही, हे महत्त्वाचं.

उपासना बिघडते ती बहुधा मोठ्यांमुळे. 'प्रभू, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे!' डोळे मिटलेल्या पोराला ही प्रार्थना नाही, बोलणी ऐकू येतात. इफिसकरांस पत्रात बापांना सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका. दिवसभरात विनाकारण ओरडला असाल, तर प्रार्थनेआधी मुलाचीच क्षमा मागा, आणि तिला 'पण तूही...' असं शेपूट जोडू नका.

सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, दुसऱ्या खोलीत. वाचन छापील बायबलमधून, आठ-दहा ओव्या पुरे. दर आठवड्याला वाचणारा बदलावा.

पंधरा वर्षांचं मूल बसायलाच तयार नसेल तर ओढून आणू नये. पेटी त्याच्याकडे द्या, गीत त्याला निवडू द्या. जे प्रश्न ते आईबाबांना विचारत नाही, ते संडे स्कूलच्या शिक्षकांना किंवा चर्चच्या तरुण संघातल्या एखाद्या दादाला विचारतं. अशी ओळख बारा वर्षांच्या आतच जुळलेली बरी. आणि परीक्षेत किंवा प्रवासात चार दिवस उपासना बुडाली, तर पाचव्या रात्री भरपाई म्हणून तासभर बसवू नये. पुन्हा दहाच मिनिटं.